चार चित्रपटांचे पारायण

हे मत्स्यरूपा केशवा, प्रलयाच्या पाण्यात तू पहिल्याने अवतरलास. मग कासव झालास, वराह झालास, नरसिंह झालास, आणि एकामागून एक येत राहिलास. तुला कसला क्रम आणि कसली घाई! तरी भोळ्या भक्तांना बोटांवर मोजता यावे म्हणून तू रांगेने आलास, ही तुझी केवढी कृपा! खाडीला तू भरती देतोस आणि ओहोटीही देतोस. आमच्या बोलण्यालाही दोन्ही दे. विशेषतः दुसरी दे, कारण पहिली आमच्यापाशी उपजतच आहे.

आता ज्यांच्यासाठी हे नमन, त्यांचे नाव घेतो. वाशीगावचे जयदेव नाखवा.

खाडीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे कौलारू घर. वडील मासेमारी करीत, तरुणपणी जयदेवरावही जाळी टाकीत. पण जवळच्या पावणे गावच्या माळावर कारखान्यांची पहिली धुराडी उभी राहिली आणि ते रंगाच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. रंगाने भरलेल्या डब्यांवर झाकणे ठोकून बसवायची आणि डबे ओळीने रचायचे, हे त्यांचे काम. असे वाटते की भगवंताने हे काम निर्माण केले आणि मग त्यासाठी माणूस घडवला! कारण ओळ, क्रम, पहिले, दुसरे, तिसरे, हा जयदेवरावांचा श्वास होता. मासा ताटात आला की डोक्याकडून सुरुवात. शेपटीकडून का नाही, असे आम्ही एकदा विचारले, तर ते गंभीरपणे म्हणाले, "शेपटीकडून खाल्ला तं तो पोटात उलटा पोहंल, बुवा."

आणि हाच क्रमाचा भक्त गावच्या मंदिरात पोथी वाचणारा! आवाज गोड, उच्चार स्वच्छ, श्रद्धा अपार. पण त्यांचा नियम फार कडक. पोथीचे पारायण म्हणजे पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत, रोजचे रोज. मधे एका दिवसाचा खंड पडला, की पुन्हा पहिल्या अध्यायापासून. हा नियम अनेक गावांत आहे. पण तो पाळणारे जयदेवराव एकच. एका श्रावणात गावात कोणी वारले, म्हणून खंड पडला. पुढे धुवाधार पावसात मंदिरात पाणी शिरले, म्हणून खंड पडला. त्या वर्षी गावाने पोथीतल्या देवाचा जन्म तीनदा ऐकला, तीनदा पाळणा म्हटला, तीनदा सुंठवडा खाल्ला; आणि देवाचे लग्न होण्याच्या आत श्रावण संपून गेला. त्यांचा मेहुणा बाळाराम, खाडीवर होडी चालवणारा आणि तोंडाचा मोठा तिखट, दरवर्षी पोथी उघडली की म्हणे, "भावजी, यंदा तरी देवाला मोठा होऊ द्या!"

आम्ही दर माघात वाशीगावच्या सप्ताहात कीर्तनाला जात असू आणि उतरत असू जयदेवरावांच्याच घरी. त्यांच्या पडवीत वामन नावाचा एक तरुण राहत असे. तो त्याच कारखान्यात कारकून. घर चेंबूरला, शनिवारी बाळारामाच्या होडीतून खाडी ओलांडून घरी जायचा, सोमवारी परत. चेंबूरच्या एका शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी, त्याचे चित्ररसिक मंडळ चित्रपट दाखवीत असे. गाण्यांचे, मारामारीचे नव्हेत, ज्यांतून बाहेर पडल्यावर लोक एकमेकांना "म्हणजे काय झालं?" असे विचारतात, तसले. त्या मंडळाचे आराध्यदैवत होते कमळाकर दाभोळे नावाचे दिग्दर्शक. त्यांनी आयुष्यात चार चित्रपट केले. चारही थिएटरांत आले तसे गेले.

चौसष्ट सालच्या माघातली ती सकाळ. आम्ही न्याहारीला बसलो होतो. वामन सहज म्हणाला, "वहिनी, या रविवारी दाभोळ्यांचा चौथा चित्रपट लावतोय. तुमच्याच खाडीवर घेतलाय म्हणे. कोळणींचा एक प्रसंग आहे, धक्क्यावरचा."

जयदेवरावांची पत्नी दमयंतीबाई चुलीपाशी होत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकायची ती तशीच राहिली.

"धक्क्यावरचा? गलबलाच्या शिडासारखा पांढरा कपडा धरून मानसं उभी होती, तोच का?"

"तोच असेल. तुम्ही पाहिलंत शूटिंग?"

"माजी आये हाय त्यात," दमयंतीबाई म्हणाल्या.

त्यांची आणि बाळारामाची आई पुतळाबाई. मुंबईच्या बाजूला पाटीभर म्हावरं विकून जिने दोन लेकरे वाढवली ती. सहा वर्षांपूर्वी सिनेमावाल्यांनी तिला धक्क्यावरून चालायला लावले, पुन्हा चालायला लावले, पुन्हा. शेवटी ती कडाडली, "तुमचा खेल होतो, माजा म्हावरा नासतो!" दोन वर्षांनी ती तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. जत्रेतल्या फोटोवाल्यासमोर ती कधी उभी राहिली नाही, म्हणे, "मी काय देव हाय भिंतीवर टांगायला?" आणि आता, दमयंतीबाई खाली बघत म्हणाल्या, आता आवाज आठवतो, चाल आठवते, पण डोळे मिटले की चेहरा नीट येत नाही. नाक येते, तर कपाळ जाते.

इतके ऐकल्यावर कोणीही म्हणेल, चला, रविवारी जाऊ! पण जयदेवरावांनी विचारले, "वामन, हा चवथा ना? मग पयले तीन?"

"ते आधी होऊन गेले, जयदेवभाऊ. पण आमच्या मंडळातही यावर भांडणं आहेत हं! काही जण म्हणतात, दाभोळे पाहायचे तर पहिल्यापासून, क्रमानं. त्याशिवाय माणूस कसा घडत गेला ते कळत नाही. काही म्हणतात, कुठूनही पाहा."

वामन गमतीने बोलला. पण त्या एका वाक्याने जयदेवरावांच्या डोळ्यांत जी ज्योत पेटली, ती आम्ही ओळखली. ते आमच्याकडे वळले. "बुवा, तुमी सांगा. असा पारायन पयल्यापासून कराचा, का मधनंच?"

आता कोणी विचारले, म्हणून उत्तर दिलेच पाहिजे असा काही शास्त्राचा दंडक नाही. 'मला ठाऊक नाही' हे शब्द मराठीत आहेत आणि तोंडाला सोपे आहेत. पण कीर्तनकाराला प्रश्न विचारणे म्हणजे सुकलेल्या गवताला काडी लावणे. आम्ही उपरणे सावरले, मांडी बदलली, आणि पोहे निवेपर्यंत बोललो. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान. तत्त्वाची मशागत झाल्यावाचून आख्यानाचे बी रुजत नाही. पाया नाही तर कळस कुठे. सृष्टीत बीजाआधी फळ कधी कोणी पाहिले? सारांश, क्रमेणच! असे म्हणून आम्ही हात असा उंचावला की वरच्या शिंकाळ्यातले दही हिंदकळले.

जयदेवराव सद्गदित झाले. दमयंतीबाईंनी मात्र विचारले, "बुवा, तुमी सिनेमा कंचा कंचा पाहिला?"

"एकही नाही," आम्ही ताठ मानेने सांगितले.

"हां," एवढेच म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

चौथा चित्रपट त्या रविवारी चेंबूरला लागला; वाशीगावातून कोणी गेले नाही. वामनने सांगितले, पुढच्या हिवाळ्यात मंडळ चारही चित्रपट महिन्याला एक असे क्रमाने दाखवणार आहे. जयदेवरावांनी देवापुढे सुपारी ठेवली आणि पतिपत्नींनी जोडीने पारायण करण्याचा संकल्प सोडला. दमयंतीबाईंनी नवऱ्याच्या हाताला हात लावला खरा. पण चेहऱ्यावर संकल्प नव्हता. केवळ वाट पाहणे होते.

पुढच्या माघात आम्ही गेलो, तेव्हा जयदेवरावांनी आपल्या पारायणाची कथा आम्हांला ऐकवली. देवा, आपल्याच फजितीचे असे रसाळ निरूपण आमच्या कीर्तनातही कधी झाले नाही!

"पयल्या चित्रात बुवा, एक म्हातारा विहिरीवर येतो. पोहरा सोडतो. पोहरा खाली जातो. जातोच! मी नारळ घेऊन गेलेलो, पयला अध्याय म्हनून. तो मांडीवर धरून दोरीकडे बघत बसलो. मना वाटला, पोहरा वर येईल तवा गोष्ट सुरू होईल. पोहरा वर आला. त्यात पानी नव्हता. आनि मध्यांतर झाला!"

"मग?"

"मग मी वामनला इचारला, आता पुढं काय? तो बोलला, जयदेवभाऊ, तहान हीच गोष्ट आहे. मी बोललो, ती तं मना पन लागलेय, मग माजा कोन सिनेमा काढत नाय?"

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात पोहरा पन नाय. भिंत. शेवटाला तिच्यावर सावली आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पन वाजवल्या. माजी अक्कल बघा, बुवा! कलला कायच नाय, पन अध्याय संपला म्हनून टाळी."

ते हसत होते. आम्हीही हसत होतो. पण मग ते हळूच म्हणाले, "दोनी येलेला दमयंती पडद्यावरच्या एकेक बाईकडं वाकून बघत होती. तिला ठावं होता, यात आये नाय. तरी बघत होती."

तिसऱ्या चित्रपटाच्या रविवारी ओहोटीने दगा दिला. पारायणाला जाण्याआधी घरची पूजा पूर्ण झाली पाहिजे, असा जयदेवरावांचा आग्रह, बाळाराम धक्क्यावरून ओरडतोय, "भावजी, देवाला सांगा, पानी उतरतंय!" पूजा यथासांग झाली. होडी खाडीच्या मधोमध आली आणि चिखलात रुतून बसली. इकडे गाव, तिकडे मुंबई, आणि मध्ये जयदेवराव, स्वच्छ धोतर, नवी टोपी, मांडीवर नारळ. चेंबूरला चित्रपट सुरू होऊन संपला, तरी पाणी येईना. बाळाराम म्हणाला, "भावजी, हाच बघा दाभोळ्यांचा सिनेमा! चिखल हाय, होडी हाय, होत कायच नाय. टाळ्या वाजवा!"

"मग आता?" आम्ही विचारले.

जयदेवरावांचा चेहरा पोथीवाचकाचा झाला. "खंड पडला, बुवा. आता पुढच्या वर्षी पुन्हा पयल्यापासून."

"म्हणजे या रविवारी चौथा आहे, तो..."

"तो आता कसा बघनार?"

आम्ही मान डोलावली. कारण नियम आम्हीच सांगितला होता, आणि स्वतःचा नियम स्वतःच मोडायला जेवढा मोठेपणा लागतो, तेवढा आमच्यात नव्हता. तो सप्ताहाचा शनिवार होता. दुपारी वामन चेंबूरला जायला निघाला, पडवीत चपला चढवता चढवता थबकला आणि आत येऊन दमयंतीबाईंना म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. सांगावं की नाही, कळत नव्हतं. उद्याच्या खेळानंतर चौथ्याची प्रत परत जातेय. या चित्रपटाच्या निर्मात्यानं जुन्या प्रती मोडीत काढल्यात. फिल्म धुवून तिच्यातली चांदी काढतात. ही एकच उरली होती."

"धुतल्यावर काय राहतो फिल्मवर?" दमयंतीबाईंनी विचारले.

"काही नाही. काचेसारखी कोरी होते."

जयदेवराव आमच्याकडे बघू लागले, आम्ही आढ्याकडे. शास्त्रात पळवाट शोधायची तर ती आढ्यावर लिहिलेली असते, अशी आमची श्रद्धा असावी. प्रायश्चित्त सांगू का? तिसऱ्या चित्रपटाचे वर्णन वामनकडून ऐकले, तर ते श्रवण दर्शनाच्या जागी धरता येईल का? आम्ही अशी एक तोड जुळवून बोलायला तोंड उघडणार, तोच दमयंतीबाई पुढे आल्या. आवाज चढला नव्हता. उलट फार खाली होता.

"बुवा, तुमी शिकलेले. एक सांगा. मी जन्मले तवा माजी आये केवढी होती?"

"असेल पंचवीस-तीस वर्षांची."

"मग तिचे पयले अध्याय मी कुठं पाहिले? ती रांगली ता मी बघितली नाय. तिचा लगीन मी बघितला नाय. मी तं मधनंच आले. मग माजी आये मना समजली नाय का?"

सज्जनहो, आम्ही गावोगावी कीर्तने केली, पंडितांशी वाद केले, एकदा तर एका संन्याशाला निरुत्तर केले, असे आम्ही स्वतःच सांगत असतो. त्या दिवशी आम्ही उपरणे खांद्यावरून काढून मांडीवर घेतले. आमची ती भाकड बीजे आणि फळे, पाये आणि कळस, सगळे एका बाईने चुलीपाशी उभे राहून बाहेर लोटले. आपण सारेच आपापल्या आईकडे तिच्या कथेच्या मध्यावर येतो. आणि नारायणा, तुझ्याकडे तरी कोण पहिल्या अध्यायापासून आले?

जयदेवराव बसले होते ते उठले. बायकोकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आपल्याच डोक्यावर टपली मारून म्हणाले, "आयला, एवढी वर्षं मी डब्यांवर झाकना ठोकतोय. एक माज्याच डोक्यावर ठोकलेला दिसतो!"

रविवारी सकाळी मंदिरात पोथी चालू होती. वाचत होते अर्थातच जयदेवराव. अध्याय अर्ध्यावर आला आणि बाहेरून बाळारामाची हाक आली, "भावजी, पानी!" सारे श्रोते वाचकाकडे बघू लागले. जयदेवरावांनी ओवी पूर्ण केली, मोरपीस पानात ठेवले, आणि शेजारच्या नामदेवाकडे पोथी सरकवून म्हणाले, "हितून पुढं तू वाच." मंदिरात कुजबुज झाली. एका म्हातारीने तर सुंठवडा पुन्हा करायचा का, असेही विचारले. पण दमयंतीबाई होडीत जाऊन बसल्या होत्या, जयदेवराव केव्हाच धक्क्याकडे धावत होते, आणि त्यांच्या मागे धापा टाकत, उपरणे सांभाळत, आयुष्यातला पहिला चित्रपट पाहायला निघालेले आम्ही.

सभागृहात आम्ही सवयीने पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मान आकाशाकडे करून बसावे लागले, ही देवाची इच्छा. दिवे गेले. पडद्यावर पाणी आले. नुसते पाणी. आम्हांला वाटले यंत्र बिघडले. म्हणून मोठ्याने "विठ्ठल विठ्ठल" म्हणालो, तर मागून कोणी "शूः" केले. असे आमचे चित्रपट-दर्शन सुरू झाले. त्या खाडीवर पहाट कशी होते, बगळा कसा उभा राहतो, एका पोराच्या हातून शिंपला कसा निसटतो, हे सगळे दाभोळ्यांनी फार सावकाश दाखवले. जयदेवराव मधूनच कळल्यासारखी मान हलवीत, आणि मग कळले नाही हे आठवून थांबत.

आणि मग धक्का आला. पांढऱ्या उन्हात धक्का, आणि त्यावरून चालत येणारी एक बाई. नेसणे घट्ट, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. ती चालत चालत अगदी समोर आली, थांबली, पाटी खाली उतरवली. पदराने कपाळ पुसले. सरळ आमच्याकडे, सभागृहाकडे, साऱ्या जगाकडे चिडून बघितले. मग बाजूला वळून तोंडाने काहीतरी म्हणाली. आवाज नव्हता, वारा होता. आणि पडद्याच्या कडेने बांगड्या भरलेला एक हात आत आला, पाटीला लागला, आणि पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर चढली.

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो.

त्या सभागृहात दमयंतीबाई उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात किंचित पुढे.

"बसा हो बाई!" मागचे कोणी म्हणाले.

"मना बोलावते," दमयंतीबाई म्हणाल्या. "'उचल गो', बोलते. तो हात माजा हाय. मीच पाटी चढवली होती. मी इसरलेच होते."

बाळाराम, तो तिखट तोंडाचा, भिंतीकडे तोंड करून बसला होता. पडद्यावरची बाई धक्क्यावरून निघून गेली, बगळा आला, लोक पुढे बघू लागले. दमयंतीबाई मात्र बसल्या नाहीत.

खेळ संपला. दिवे लागले. मंडळाच्या लोकांत चर्चा सुरू झाली. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, हा चित्रपट पहिल्या तिन्हींवाचून समजणे अशक्य. तेवढ्यात जयदेवराव त्या साऱ्यांच्या मधून वाट काढीत यंत्रापाशी गेले, वामनसमोर हात जोडले, आणि सभागृहभर ऐकू जाईल असे म्हणाले, "वामन, पयला नको, शेवटचा नको. तो मदला रील तेवढा परत लाव. तिथनंच लाव. आये येते तिथनं."

वामनने तो रील पुन्हा चढवला. खुर्च्या उचलायला आलेली माणसे खुर्च्या खाली ठेवून बसली. या वेळी बाळारामानेही पाहिले. पुतळाबाई आली, चिडली, वळली, म्हणाली, आणि मुलीच्या हाताने पाटी उचलून गेली. दमयंतीबाईंनी तेव्हा डोळे मिटले. आणि आम्ही जवळून पाहिले, त्यांच्या मिटल्या डोळ्यांतही तो चेहरा आता पुरा होता, नाकासह, कपाळासह. कसे कळले, म्हणाल, तर त्या हसत होत्या.

प्रत परत गेली आणि धुतली गेली. तिसरा चित्रपट जयदेवरावांनी पुढे दोन वर्षांनी पाहिला, त्यातले काय कळले, असे विचारले तर म्हणतात, "बुवा, चिखलात जास्त कलला होता." पोथी आजही तेच वाचतात, नियमही पाळतात; पण उशिरा आलेल्या श्रोत्याला आता रागावत नाहीत. सरकून जागा देतात, आणि कथा कुठवर आली ते कानात सांगतात.

हे खाडीच्या नारायणा, या जयदेवाच्या घरावर तुझी कृपा राहो. त्याच्या चुलीला जाळ असो, त्याच्या मेहुण्याच्या होडीखाली पाणी असो, त्याच्या डब्यांना झाकणे आणि त्याच्या मनाला मोकळीक असो. दमयंतीबाईंचे हात भरलेले राहोत आणि त्यांची पाटी उचलू लागायला सदैव कोणी जवळ असो. बाळारामाची जीभ तिखट राहो, पण पोट गोड असो. त्या घरात कोणीही, कधीही, कथेच्या कुठल्याही ओवीवर आले, तरी त्याला बसायला पाट आणि ताटात घास मिळो. आणि तुझे नाव त्या उंबऱ्यावर अखंड नांदो.